लेकराच्या गावी दोन दिवस



शनिवारी सकाळी कर्जत स्टेशनवर दोन तऱ्हेची माणसे उतरतात. पाठीला पिशव्या अडकवून डोंगराकडे निघालेली मुंबईची तरुण मंडळी असतात आणि त्यांच्याच गर्दीत एखादे मध्यमवयीन जोडपे, नाहीतर एकटीच बाई. एका हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात मोबाईल. "ताई, इंजिनीअरिंग कॉलेजला जायला रिक्षा कुठून मिळते हो?" बोलण्याच्या ढबीवरूनच कळते, या नांदेड-परभणीकडच्या, या जळगावच्या.

आमचा कर्जत-खालापूरचा भाग हल्ली शिकायला येणाऱ्या मुलांचा झाला आहे. कर्जतला कोकण ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ साली निघाले. खालापूर तालुक्यात कुंभिवलीला विश्वनिकेतन आहे. कुठून कुठून मुले येतात आणि वसतिगृहात किंवा कुणाच्या तरी माडीवर खोली घेऊन राहतात. उलट आमच्या कर्जत-खोपोलीची मुले घाट चढून पुण्याला जातात, नाहीतर माणगावजवळ लोणेऱ्याच्या विद्यापीठात. म्हणजे एका घरातले पोर बाहेर आणि शेजारच्या माडीवर दुसऱ्याचे पोर, असा प्रकार आहे. त्यामुळे मुलांना भेटायला जाणाऱ्या आया मी पाहते, तशाच येणाऱ्याही पाहते.

या दोन दिवसांत आपण काय करतो? खोलीवर पोचल्या पोचल्या पदर खोचतो. खोली झाडतो, चादरी भिजवतो, पुस्तकांवरची धूळ पुसतो. मग बाजारात जाऊन बादली, दोरी, चपला आणतो. दुपारी हॉटेलात जेवण, संध्याकाळी गावातल्या लांबच्या नातेवाइकांकडे चहा, रविवारी देवदर्शन, की आली गाडीची वेळ. खोली लख्ख होते, पोराचे पोट भरते आणि आपण समाधानाने घरी येतो. यात वाईट काहीच नाही. पण एक काम राहून जाते, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे. आपण वर्षातून दोनदा-तीनदा, दोन-दोन दिवस जाणार. उरलेले दिवस आपले मूल ज्या माणसांत राहते, त्यांच्यातल्या कुणाशी तरी ओळख करून येणे, हे ते काम.

एक घडलेली हकीकत सांगते. आमच्या आळीत एक काकू आहेत. कॉलेजच्या दहा-बारा मुलांना दोन वेळचे डबे देतात. मागे एकदा फेब्रुवारीत त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "अगं, त्या वरच्या गल्लीतल्या मुलाचा डबा चार दिवस जसाच्या तसा परत येतोय. आजारी म्हणावं तर गॅलरीत उभा दिसतो. घरी कळवावं का? पण माझ्याकडे नंबर कुठाय! आई दिवाळीनंतर येऊन गेली म्हणे. खोली धुऊनपुसून गेली. माझ्याकडे काही आली नाही बाई."

शेवटी काकू स्वतःच डबा घेऊन जिना चढल्या. "मी इथे बसते, तू माझ्यासमोर जेव," म्हणाल्या. पहिल्यांदा तो काहीच बोलेना. मग दोन घास पोटात गेल्यावर बोलला. पहिल्या सेमिस्टरचे चार विषय राहिले होते. घरी "सगळं छान चाललंय" असे सांगून बसला होता, कारण वडिलांनी त्याच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेले. तीन आठवडे तो कॉलेजलाच गेला नव्हता. रात्र रात्र झोप नाही. काकूंनी ओरडा केला नाही की उपदेश केला नाही. एवढेच म्हणाल्या, "आठवड्याभरात तू आईला सांग. तुला नाहीच जमलं तर मी सांगेन. पण तुझ्यासमोर सांगेन, चोरून नाही." आणि जाताना त्याच्या खोलीतल्या मित्राला सांगून गेल्या, "याला रात्री एकटा ठेवू नकोस रे."

चौथ्या दिवशी त्याने फोन केला. आई एकटीच आली, रात्रभराचा प्रवास करून. या खेपेला झाडू हातात घेतला नाही. काकूंच्या ओट्यावर दोघी तासभर बसल्या. मग मुलाला बरोबर घेऊन त्याच्या वर्गशिक्षकांना भेटल्या. किती विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाता येते, त्या परीक्षा केव्हा, फॉर्म केव्हा, हे सगळे कागदावर लिहून घेतले. ए.टी.के.टी. हा शब्द त्या बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. चारपैकी दोन विषय त्याच उन्हाळ्यात सुटले, उरलेले पुढे सुटले. आता त्याचा डबा घासूनपुसून परत येतो, असे काकू कौतुकाने सांगतात.

तुम्ही म्हणाल, अशी काकू सगळ्यांना कुठून मिळणार? मिळते, पण शोधावी लागते. आपल्या आनंदीबाई जोशींचेच बघा ना. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या बोटीत बसल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला त्या निघाल्या होत्या. आई-वडिलांनी दोन दिवस भेटून यावे असा तो काळ नव्हता आणि ते अंतरही नव्हते. गोपाळरावसुद्धा तिकडे पोचले ते पुष्कळ उशिरा. थंडी सोसेना, अन्नाचे हाल, तब्येत साथ देईना. पण रोसेल नावाच्या गावी कार्पेंटरबाई होत्या. कोण कुठल्या परक्या बाई! पत्रातून ओळख झालेली. त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरात ठेवून घेतले, माया लावली. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या. म्हणजे इतक्या दूरच्या मुलुखातही आपुलकीची माणसे त्यांच्यापाशी होती. आपल्या मुलाच्या गावी त्याची कार्पेंटरबाई कोण, हे या दोन दिवसांत आपण पाहून यायचे.

ती खानावळवाली असेल, घरमालकीण असेल, वसतिगृहाच्या रेक्टर असतील, नाहीतर कोपऱ्यावरचे झेरॉक्सवाले आजोबा. मुलालाच विचारा, "इथे तुझं कुणाशी जमतं रे? चल, मला भेटव." तो ज्यांच्याकडे नेईल तिथे जा. नेताना त्याचा चेहरा बघा, बरेच काही समजते. जाताना रिकाम्या हाती जाऊ नका, घरच्या लोणच्याची एक बाटली पुरे. पाच मिनिटे बसा, आपला नंबर द्या, त्यांचा घ्या. आणि एक पथ्य पाळा. "याच्यावर लक्ष ठेवा हं, काही दिसलं तर मला गुपचूप कळवा," असे कुणालाही सांगू नका. मुलाला त्याचा वास लागला की ते घर त्याला बंद झालेच म्हणून समजा. "कधी अडचण आली तर कळवा, आम्ही लांब आहोत," एवढे मुलाच्या देखत म्हणावे. काकूंच्या "चोरून नाही" या शब्दांत मोठे शहाणपण होते.

दुसरी गोष्ट वेळेची. दोन दिवसांतले दोन-तीन तास अगदी रिकामे ठेवा. त्यात ना बाजार, ना नातेवाईक, ना मोबाईल. मुलांच्या मनातले समोरासमोर बसवून विचारले तर बाहेर येत नाही. "अभ्यास कसा चाललाय?" या प्रश्नाला "चांगला" याखेरीज उत्तर मिळत नाही. पण शेजारी शेजारी चालताना, बाकावर बसून शेंगा खाताना गाडी हळूहळू रुळावर येते. आपण मधे बोलायचे नाही, एवढेच पथ्य. खोपोलीकडे मूल असेल तर जवळच महड आहे, अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे. दर्शन घेऊन तळ्याकाठी निवांत बसावे. फक्त चतुर्थी टाळा, त्या दिवशी गर्दीत बोलणे व्हायचे नाही.

आणि मूल काही बोललेच, तर पहिले वाक्य सांभाळा. "आम्ही इतका खर्च करतोय आणि तू!" हे वाक्य जिभेवर येतेच. ते गिळून "बरं झालं सांगितलंस" म्हणा. बाकीचे बोलायला पुढे फोन आहेच की!

मुलींच्या आयांना आणखी थोडे सांगायचे आहे. मुलींच्या वसतिगृहात वडिलांना ऑफिसातच थांबवतात, आई खोलीपर्यंत जाऊ शकते. म्हणून "हे जाऊन येतील" असे म्हणू नका, तुम्हीच जा. न्हाणीघराला आतून कडी आहे का, रात्री पाण्याला जायच्या वाटेवर दिवा आहे का, आजारी पडली तर डॉक्टरकडे कोण नेते, हे आईलाच सुचते. पण काही उणे दिसले की घरी येऊन "बस झालं शिक्षण, आणा तिला परत" असा निकाल लावू नका. तसे झाले, तर पुढची अडचण ती कधीच सांगणार नाही. कडी नसेल तर कडी बसवून घ्यावी, दिवा नसेल तर रेक्टरांना लेखी द्यावे, न जमले तर खोली बदलावी. जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय घेतला. वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी सरकारने उचलायची ठरले. राहण्या-जेवणाचा खर्च त्यात येत नाही. पण फीच्या काळजीने घरी राहिली असती अशी मुलगी आता वसतिगृहात पोचू शकते. तिला तिथे टिकवणे हे आपले काम.

आता थोडे व्यवहाराचे.

केव्हा जावे? पहिल्या वर्षाचे मूल असेल तर कॉलेज सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी. तोवर नव्याची नवलाई संपलेली असते आणि घरची आठवण जोरात असते. परीक्षेच्या आठवड्यात मात्र मुळीच नको. आणि न कळवता अचानक जाऊन उभे राहू नका. मूल सापडेल कदाचित, पण विश्वास हरवेल.

राहायचे कुठे? कर्जत-खालापूरला शनिवार-रविवारी, त्यातून पावसाळ्यात, लॉजमध्ये जागा मिळणे कठीण आणि भाडेही चढे. मुंबईची मंडळी फार्महाऊस, माथेरान, खोपोलीचे इमॅजिका अशी फिरायला आलेली असतात. शक्य असेल तर मधल्या वारी या, किंवा वसतिगृहात पाहुण्यांची खोली आहे का ते आधी विचारा. मुलींच्या वसतिगृहात आईला एखादी रात्र राहू देतात का, हेही विचारून ठेवावे.

येण्याचे मार्ग असे. नाशिक-मनमाडकडून येणाऱ्यांनी कल्याणला उतरून कर्जत किंवा खोपोली लोकल धरावी. पुण्याकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या घाट उतरल्यावर कर्जतला थांबतात. पण तिकीट काढताना आपली गाडी थांबते ना, हे पाहावे. खोपोलीच्या लोकल थोड्या आहेत. एक चुकली की बराच वेळ फलाटावर काढावा लागतो, तेव्हा वेळापत्रक आधीच लिहून घ्या. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असू शकतो आणि संध्याकाळी मुंबईकडे परतणाऱ्यांची झुंबड उडते, म्हणून परतीचा प्रवास सकाळी लवकर नाहीतर सोमवारी ठेवलेला बरा. एस.टी.ने येत असाल तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. आईने एकटीने जायला एवढे निमित्त पुरेसे नाही का? "घर कोण बघणार?" या प्रश्नाचे उत्तर कुकरचा वरण-भात. दोन दिवस घरातल्यांनी तो करून खाल्ला तर कुणाचे काही बिघडत नाही.

काय न्यावे? डबे दोन करा. मोठा डबा सगळ्यांसाठी. तो त्याच संध्याकाळी खोलीतली मुले संपवतात आणि संपवू द्यावा. त्याच डब्यापायी आपल्या मुलाला चार मित्र होतात. छोटा डबा त्याच्या एकट्याचा. टिकणारे पदार्थ निवडा : बेसनाचे किंवा शेंगदाण्याचे लाडू, शेंगदाण्याची आणि तिळाची कोरडी चटणी, मेतकूट, गूळपोळ्या. प्रवासात खायला दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या. ओल्या नारळाचे काही नको, आमच्या दमट हवेत लगेच आंबते. चिवडा पावसाळ्यात दोन दिवसांत सादळतो, तो घट्ट झाकणाच्या डब्यात द्या.

मराठवाडा-खानदेशच्या मैत्रिणींना आमच्या पावसाची कल्पना नसते. तुमच्याकडे वर्षाला पडतो त्याच्या कितीतरी पट इथे चार महिन्यांत पडतो. कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. तेव्हा जाड जीन्सपेक्षा पातळ, लवकर वाळणाऱ्या विजारी द्या. आतले कपडे दुप्पट द्या. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा, अंथरुणात डांबराच्या गोळ्या टाका आणि मच्छरदाणी विसरू नका.

आणि पावसाळ्यात धबधबे! भिवपुरी, पळसदरी या नावांना बाहेरची मुले भुलतात. वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाण्याचा लोंढा येतो, हे त्यांना ठाऊक नसते. येथे मुले बुडाल्याच्या बातम्या आम्ही दरवर्षी धसक्याने वाचतो. म्हणून पावसाळ्यात अनेकदा धबधब्यांवर बंदीचा हुकूम निघतो. "जाऊ नकोस" एवढेच म्हणून भागत नाही. कारण सांगा, आणि त्याच्या मित्रांच्या देखत सांगा.

काही गोष्टी कागदावर लिहून मुलाच्या पाकिटात ठेवून या. रॅगिंगचा त्रास झाला तर देशभर चालणारा मोफत क्रमांक १८००-१८०-५५२२. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्धचा कायदा १९९९ पासून आहे, तेव्हा "असं चालतंच" म्हणून सोसायचे नाही. मन फारच खचले, झोप उडाली, जगणे नको वाटू लागले, तर टेलि-मानसचा क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सरकारी सेवा सुरू झाली, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. "तुला लागणार नाही, पण तुझ्या एखाद्या मित्राला लागेल," असे म्हणून द्या, म्हणजे मूल संकोचणार नाही. पण हे लक्षण आपल्याच मुलात दिसले, तर कागदावर विसंबू नका. परतीचे तिकीट रद्द करा, त्याच्याजवळ थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

निघताना पैसे द्यायचे ते मित्रांसमोर देऊ नका. हिशेब विचारायचा तर फोनवरही विचारता येतो. गाडी सुटताना रडू आले तर येऊ द्यावे, मुलांनाही ते कळते. फक्त "तुझ्याशिवाय घर खायला उठतं" असे म्हणू नका, नाहीतर त्या पोराने अभ्यास करायचा की तुमची काळजी?

घरी आल्यावर शेजारपाजारी बोलताना मुलाने विश्वासाने सांगितलेले तेवढे वगळा. आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, दोन नावे आणि दोन नंबर लिहून ठेवा : एक डबेवाल्या काकूंचा किंवा घरमालकिणीचा, दुसरा मुलाच्या एखाद्या मित्राचा. घरात सगळ्यांना दिसेल असे लिहा.

आणि हो, तुमच्या शेजारच्या माडीवर कुणाचे तरी मूल शिकायला येऊन राहिले असेल, तर त्याच्या आईचा नंबर तुमच्या कॅलेंडरमागे आहे का? नसेल तर या रविवारी त्याला चहाला बोलवा. तिकडे आपल्या लेकराला कुणीतरी बोलवत असेलच!